शून्य तूटफूट

एखाद्या माणसाची गोष्ट सांगायची तर तिच्यातून त्याच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहून घ्यावं. निम्मी गोष्ट तिथेच कळते. बालाजीरावांच्या पदरात पडणार होतं ते असं : निवृत्तीला चौदा महिने उरलेले असताना अवर सचिवाचे उपसचिव होणं, तीन कपाटांच्या आडोशाला मांडलेल्या टेबलाऐवजी दार असलेली खोली, त्या दारावर नावाची पाटी, दिल्लीत सगळ्या राज्यांच्या विधिमंडळ अधिकाऱ्यांपुढे वीस मिनिटांचं भाषण, आणि पेन्शनमध्ये पडेल ती भर वेगळीच. एवढा सगळा डोलारा एका शून्यावर उभा होता.

ते शून्य बावीस वर्षांपूर्वी जन्माला आलं. सरकारने सरकारी हायस्कुलांना प्रयोगशाळेचं साहित्य द्यायला सुरुवात केली होती, आणि ते नीट वापरलं जातं का हे पाहायला विधानसभेची विज्ञान समिती होती. पहिल्याच वर्षी फुटलेल्या काचसामानाची यादी चार पानं भरली. आमदार भडकले. तेव्हा चेन्नईच्या सचिवालयात नवे असलेले सहायक बालाजीराव यांनी एक शिफारस लिहून पुढे केली : साहित्य मोडल्यास त्याची किंमत संबंधित शिक्षकाच्या पगारातून वसूल करावी, त्याची वेतनवाढ रोखावी आणि सेवापुस्तकात तशी नोंद करावी. हीच ती शिफारस क्रमांक सतरा. पुढच्याच तक्त्यात तूटफूट शून्यावर आली आणि तिथून हलली नाही.

"जनतेच्या पैशाची एक नळीसुद्धा वाया जाऊ दिली नाही," हे वाक्य बालाजीराव लग्नकार्यात पंगतीला बसले तरी म्हणत. तंजावरच्या मराठी घरांत कारकुनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पण आपल्या कारकुनीतून कायदा निघाला, असं सांगणारा त्या घराण्यात हाच पहिला.

समितीची कामाची एक रीत होती. दौरा व्हायच्या आधीच अहवाल लिहून तयार असे. "समितीने प्रत्यक्ष पाहणी करून समाधान व्यक्त केले," हे वाक्य टाइप झालं, की मग समिती पाहणीला निघे. यंदाचाही अहवाल तयार होता. दोनशे बारा शाळा, बावीस वर्षं, तूटफूट शून्य. आता फक्त अध्यक्षांची सही, सभागृहाची मान्यता आणि मग दिल्ली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात एका शाळेचा तक्ता आला. तूटफूट : त्रेचाळीस.

सचिव शेषाद्रींनी तो कागद बालाजीरावांपुढे सरकवला. "ईस्ट कोस्ट रोडवर, आपल्या कोवलमच्या पुढे, समुद्राकाठचं हायस्कूल आहे. कुणी सरोजा म्हणून केमिस्ट्रीची टीचर. वसुलीची नोटीस निघाली आहे, वेतनवाढही रोखतायत. पण बालाजी, नोटिशीने आकडा पुसला जात नाही. अध्यक्षबाई नव्या आहेत, प्रत्येक कागद वाचतात. त्यांच्या हाती जाण्याआधी तू जाऊन ये."

"काय करू जाऊन?"

"समजाव. टंकलेखनाची चूक झाली म्हणावं. त्रेचाळीस काचेच्या वस्तूंसाठी तुझं प्रमोशन फुटायला नको."

बालाजीराव दुसऱ्या दिवशी सकाळीच ईस्ट कोस्ट रोडच्या बसमध्ये चढले. तुलनेला हाताशी असावी म्हणून वाटेत अडयारजवळची एक 'शून्य' शाळा पाहायला उतरले. तिथल्या मुख्याध्यापकांनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. आत चंचुपात्रं ओळीने चकचकत होती, काहींवर दुकानाचं लेबल अजून तसंच. सूक्ष्मदर्शक थर्माकोलच्या खोक्यात गाढ झोपलेला.

"मुलं प्रयोग कसे करतात?" बालाजीरावांनी सहज विचारलं.

"फळ्यावर, सार. आमच्या सेल्वम सारांची चित्रं बघा, नळी अगदी खरी वाटते. बोर्डात गेल्या वर्षी शंभर टक्के निकाल!"

बालाजीरावांनी कौतुकाने मान हलवली. त्यांना काही खटकलं नाही. माणसाला स्वतःच्या अपत्याचं तिरळेपण लवकर दिसत नाही.

समुद्राकाठच्या शाळेत मात्र दारातूनच गलका ऐकू आला. अकरावीच्या मुलामुलींनी टेबलांभोवती गर्दी केली होती. प्रत्येकाजवळ सोड्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत पाणी, बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी, आणि बोटांवर काळे डाग. जणू सगळा वर्ग काळी मेंदी लावून आला होता. आणि मध्ये पदर खोचून उभी राहिलेली चाळिशीची बाई तमिळमध्ये ओरडत होती, "कलैवाणी, थेंब थेंब! ओतू नको! हा रसम नाही!"

बालाजीरावांनी आपली ओळख सांगितली, मीही बी.एस्सी. केमिस्ट्री हे जोडून. नाव ऐकून बाईने डोळे बारीक केले आणि भाषा बदलली. "तुम्ही आमच्या लोकांतले? मी कुंभकोणमची. आमचे आजोबा बालवाडीला होते... म्हणजे शाळेत मास्तर. सरोजा."

ही मराठी तंजावरची. पुण्याचा माणूस ती ऐकून दोनदा कान चोळेल. पण बालाजीरावांना धीर आला. आपल्या माणसाला समजावणं सोपं.

"मग तर मी तुझ्या मामासारखा," ते म्हणाले. "ऐक बाळ. तो त्रेचाळीस आकडा. तू शून्य लिहून नवा तक्ता दे. नोटीस मी मागे घ्यायला लावतो. तुझी वेतनवाढ वाचते, माझाही एक अहवाल वाचतो. कुणाचं काही जात नाही."

"नक्को मामा."

"का नक्को?"

"फुटलं म्हणून. त्रेचाळीस फुटलं म्हणून त्रेचाळीस लिहिलं."

"मुलांना जपून वापरायला शिकवता येत नाही?"

"येतं की. गेल्या वर्षी साठ फुटले होते." सरोजाने शांतपणे सांगितलं. "मुलांची बापमंडळी होड्या चालवतात. दोरखंड ओढणारे हात, मामा. काचेची सवय व्हायला वेळ लागतो. आणि ही पोरं करतायत काय, ते तर बघा! गावात अठ्ठेचाळीस विहिरी आहेत. समुद्र आत येतोय, पाणी खारट होतंय असं सगळे म्हणतात. किती खारट, ते कुणी सांगत नाही. सरकारच्या संशोधन केंद्राचा अहवाल विधानसभेत ठेवलाय, त्यात आमचं पाणी उत्तम आहे. त्यांनी किती विहिरी मोजल्या, ठाऊक? दोन! दोन्ही हायवेच्या पलीकडच्या, समुद्रापासून लांब."

तो अहवाल कोणत्या कपाटात आहे, हे बालाजीरावांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनीच तो सभागृहाच्या मेजावर ठेवायला पाठवला होता. वाचलेला मात्र कुणीच नव्हता.

"तुम्ही बी.एस्सी. केमिस्ट्री ना?" सरोजाने एकदम विचारलं. "मग या. एक रीडिंग तुम्हीच घ्या. मुलांना सांगते, असेंब्लीतून मोठे सार आलेत."

नाही म्हणायला जागाच उरली नाही. छत्तीस वर्षांनंतर बालाजीराव ब्युरेटपुढे उभे राहिले. वरच्या लांब नळीत बोटं काळी करणारं सिल्व्हर नायट्रेट, खाली फ्लास्कमध्ये कलैवाणीच्या घरच्या विहिरीचं, सूचक घालून पिवळं केलेलं पाणी. एकेक थेंब पडला की पांढरा ढग उठायचा आणि विरायचा. बालाजीराव रंगात आले. चष्मा कपाळावर गेला. "अजून थोडं... अजून..." आणि पिवळ्या पाण्यात विटेची लाली उतरली!

"बास्स!" सगळा वर्ग ओरडला. कलैवाणीने आकडा वाचला आणि तिचा चेहरा उतरला. पिण्याच्या पाण्यात चालतं, त्याच्या तिपटीवर मीठ होतं. "हेच पाणी आमची पाट्टी पिते, सार," ती आजीबद्दल म्हणाली.

आणि नेमकं तेव्हाच बालाजीरावांनी नीट पाहायला म्हणून ब्युरेट स्टँडवरून काढली, कोपर टेबलाला लागलं, आणि खट्‌! नळीचं टोक कडप्प्यावर तुटून पडलं.

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चव्वेचाळीस."

बालाजीरावांचे कान तापले. ते सरोजाच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "लिहू नकोस. उद्या पॅरीज कॉर्नरच्या मागच्या, काचसामानाच्या गल्लीतून नवी आणून देतो. माझ्या खिशातून. कुणाला कळायचं नाही."

सरोजा इतकं हसली, इतकं हसली, की तिला स्टूलावर बसावं लागलं.

"हेच, मामा! हेच तुमचं शून्य! मीही नऊ वर्षं त्याच गल्लीतून आणत होते. त्या दुकानदाराला विचारा, परीक्षेच्या आधी तिथे सगळ्या जिल्ह्याच्या सायन्स टीचरांची रांग असते. सगळ्या खिशातून भरतात आणि रजिस्टरात शून्य लिहितात. ज्यांना परवडत नाही ते कपाटाला कुलूप लावतात. तुम्हांस काय वाटलं, बावीस वर्षं या राज्यात काच फुटलीच नाही?"

आत्ताच बालाजीरावांनी स्वतः, कुणी न शिकवता, तेच केलं होतं.

"मग यंदाच का लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

सरोजाचं हसू ओसरलं. "या पोरांना मी पहिला धडा कोणता शिकवते? आलेलं रीडिंग लिहायचं, हवं असलेलं नाही. मित्राशी जुळत नसेल, पुस्तकाशी जुळत नसेल, तरी आलं तेच लिहायचं. मग गेल्या जूनला एका पोराने विचारलं, टीचर, काल चार फ्लास्क फुटले, रजिस्टरात शून्य कसं? मज उत्तर आलं नाही. शास्त्र शिकवणारीच खोटं रीडिंग लिहिते, आणि ते खोटं रीडिंग वर जाऊन धोरण होतं! मामा, जिथे काहीच फुटत नाही तिथे कुणी काही हातात घेतलेलं नसतं. एवढं साधं आहे हे."

तिने स्टॉक रजिस्टर उघडून पुढे ठेवलं. एका रकान्यात 'वस्तू', पुढच्यात 'मोडणाऱ्याचं नाव'.

"लिहा. नाहीतर माझ्या नावावर जाईल. तसं तुमचा नियमच सांगतो. संबंधित शिक्षक."

बालाजीरावांनी पेन काढलं. पुष्कळ वेळ ते नुसतंच हातात होतं. मग त्यांनी लिहिलं : ब्युरेट, एक. मोडणारा : बालाजीराव, अवर सचिव. त्या पानाचा आणि मुलांच्या विहिरींच्या तक्त्याचा फोनवर फोटो घेतला आणि बस पकडली.

नुंगंबाक्कमच्या फ्लॅटमध्ये अंबुजाबाईंनी शेजारच्या चार घरांत उपसचिवपदाची बातमी आधीच सांगून ठेवली होती. फक्त पेढे वाटायचे बाकी होते. नवऱ्याने सगळं सांगितलं. ही पानं अहवालाला जोडली तर काय काय जाईल, तेही सांगितलं.

हातातला वेंगायम, म्हणजे कांदा, सोलता सोलता बाई म्हणाल्या, "आपल्या लग्नात मिळालेला चिनी मातीचा सेट आठवतो? चोवीस बश्या. एकही फुटली नाही."

"मग? चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं? आपण तीस वर्षं स्टीलच्या ताटात जेवतोय. त्या बश्यांत कधी कुणी काही खाल्लंय? तुमच्या दोनशे बारा शाळा तशाच दिसतायत मला." त्यांनी सुरी खाली ठेवली. "शेजारणींना काय सांगायचं, ते मी बघते. लोकांना खोटं सांगून मिळवलेली पाटी दारावर लागली तर रोज येता-जाता वाचावी लागेल. मला नाही जमायचं."

समितीची बैठक पुढच्या मंगळवारी होती. अध्यक्ष कृष्णवेणी अम्मा पस्तिशीच्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. आई मासळी विकायची, हे त्या स्वतःच सांगत. समोर शिक्षण खात्याचे संचालक फाईल घेऊन बसलेले, बाहेर व्हरांड्यात साक्षीला बोलावलेले चार मुख्याध्यापक, आणि अध्यक्षांच्या डाव्या हाताला सचिव शेषाद्री. त्यांच्या मागे बालाजीराव. आत शिरताना शेषाद्रींनी त्यांना शेवटचं बजावलं होतं, "ते जोडपत्र काढून टाक. अजून वेळ आहे." बालाजीरावांनी काढलं नव्हतं.

संचालक उठले. "माननीय अध्यक्ष, दोनशे बारापैकी दोनशे अकरा शाळांत तूटफूट शून्य! एकाच शाळेत बेजबाबदारपणा आढळला. संबंधित शिक्षिकेवर कारवाई सुरू आहे."

कृष्णवेणी अम्मा पानं उलटत होत्या. एका पानावर थांबल्या. चष्मा वर केला. "चव्वेचाळीसावी नोंद. मोडणारा, बालाजीराव, अवर सचिव. हे बालाजीराव कोण?"

"मीच, अम्मा."

हॉलमध्ये खसखस पिकली. शेषाद्रींनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही तपासायला गेलात की फोडायला?"

"गेलो होतो आकडा पुसायला, अम्मा," बालाजीराव म्हणाले, आणि एकदा तोंड उघडल्यावर बंद झालं नाही. पॅरीज कॉर्नरची गल्ली, कुलूपबंद कपाट, फळ्यावरची नळी, काळी बोटं, कलैवाणीच्या पाट्टीचं पाणी, सगळं सांगितलं. "आणि हा नियम बावीस वर्षांपूर्वी मीच लिहिला. मला वाटलं मी काच वाचवली. अम्मा, शिफारस सतरा रद्द करावी, अशी माझी विनंती आहे."

संचालक तडकले. "हा एका शिक्षिकेचा कांगावा आहे! बाकी शाळांत असं काही नाही!"

"विचारून बघू," अम्मा म्हणाल्या. "मुख्याध्यापकांना आत बोलवा."

चौघं येऊन उभे राहिले. अम्मांनी एकेक शब्द स्वच्छ उच्चारला. "इथे दिलेल्या साक्षीवरून तुमच्यावर कुणालाही कारवाई करता येत नाही. ते संरक्षण तुम्हाला सभागृह देतं. आता सांगा. तुमच्या शाळेत फुटलेलं सामान कुणी गुपचूप भरून ठेवलंय?"

मग एका म्हाताऱ्या मुख्याध्यापिकेने हात वर केला. "मी. चौदा वर्षं." दुसऱ्याचा हात वर गेला. तिसऱ्याचा गेला. चौथे म्हणजे अडयारजवळचे, कमरेला किल्ली असलेले. त्यांचा हात खालीच.

"तुमच्याकडे खरंच काही फुटलं नाही?"

"नाही, अम्मा. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते."

आमदार हसले. मग अम्मांचा चेहरा पाहून हसू जागच्या जागी थांबलं.

"मी बारावी सायन्स," त्या म्हणाल्या. "मार्क चांगले होते. ब्युरेटची आकृती आजही डोळे मिटून काढून दाखवीन. ती थंड लागते की गरम, हे मला माहीत नाही! कारण माझ्याही शाळेत शून्य तूटफूट होती. बावीस वर्षं या समितीने काच मोजली, संचालकसाहेब. आता पोरांचे हात मोजू!"

टेबलं वाजली. ज्या समितीत 'समाधान' आधीच टाइप होऊन येत असे, तिथे त्या दिवशी अहवाल सगळ्यांसमोर, बोलून बोलून, नव्याने लिहिला गेला. शिफारस सतरा रद्द. वापरताना फुटलेल्या सामानाचा खर्च सरकारचा. दर वर्षी किती विद्यार्थ्यांनी किती तास प्रयोग केले, ती नोंद सभागृहापुढे. आणि ज्या शाळेत वर्षभरात काहीच फुटणार नाही, त्या शाळेने कारणं लेखी द्यायची! हे शेवटचं कलम बालाजीरावांनीच सुचवलं, आणि ते लिहिताना त्यांना पहिल्यांदाच उरलेल्या चौदा महिन्यांचा विसर पडला. सरोजाची नोटीस त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली.

मुलांचा अठ्ठेचाळीस विहिरींचा तक्ता अम्मांनी संशोधन केंद्राकडे पाठवला, दोन महिन्यांत उत्तर द्या म्हणून. केंद्राची गाडी गावात आली. महागडी यंत्रं लावली, सगळ्या विहिरी मोजल्या. कलैवाणी वहीत आपला आकडा झाकून उभी राहिली. शास्त्रज्ञांचा आकडा आला तसा तिने हात उचलला. दोन आकड्यांत फरक होता तो नखाएवढा! त्या शास्त्रज्ञाने आधी वहीकडे पाहिलं, मग तिच्या काळ्या बोटांकडे, आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. अख्ख्या गावाने शिट्ट्या मारल्या. पावसाळ्याआधी त्या वस्तीत गोड्या पाण्याची लाइन आली.

नागरिकहो, सरकार, सभागृह, समिती यांच्यावर नजर ठेवावी, असं आपण म्हणतो ते खरंच आहे. पण नजर कशावर ठेवायची, हे ठरवण्यातच सगळं असतं. चुकीची गोष्ट मोजली की माणसं चुकीच्या गोष्टीला जपू लागतात, आणि कागदावर सगळं साबूत दिसतं. तेव्हा आपल्या मुलाच्या शाळेत जाल, तर निकाल किती टक्के हे नंतर विचारा. यंदा काय काय फुटलं, हे आधी विचारा. आलेलं रीडिंग लिहा. आणि जो लिहील त्याच्या पाठीशी उभे राहा.

राहता राहिला हिशेब. उपसचिवाची खोली बालाजीरावांपेक्षा दोन वर्षं कनिष्ठ माणसाला मिळाली. दिल्लीचं भाषणही त्यानेच केलं. विषय बदलला होता, टाळ्या तेवढ्याच पडल्या. तुटलेल्या ब्युरेटची किंमत नव्या नियमाप्रमाणे सरकारने भरली. म्हाताऱ्या मुख्याध्यापिकेची चौदा वर्षं आणि सरोजाची नऊ वर्षं खिशातून गेली. ती परत द्यायचं कलम कुठेच नव्हतं, आणि दोघींनी मागितलंही नाही. पण सगळ्यात मोठी रक्कम भरली ती बावीस वर्षांत फळ्यावरची नळी वहीत उतरवून पास झालेल्या मुलांनी. त्यांना तर आपण काही भरतोय, हेही कुणी सांगितलं नव्हतं.